व्हीपीएनमार्गे अडखळणारा घरगुती मीडिया सर्व्हर : दोषनिदानाचा क्रम

घरच्या संगणकावर साठविलेले चित्रपट, गाणी व कौटुंबिक चित्रफिती परगावाहून पाहता याव्यात म्हणून व्हीपीएनचा मार्ग अवलंबिला जातो. सर्व्हर आंतरजालावर उघडा न टाकता, दूरचे यंत्र जणू घरातच आहे अशी व्यवस्था त्यायोगे साधते. परंतु पुष्कळदा असे घडते की, संबंध जुळतो, चित्रपटांची नावेही उमटतात, मात्र चित्रपट काही केल्या चालत नाही. अशा वेळी सर्व्हर दुबळा ठरवून नवे यंत्र विकत घेणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार होय. उपायापूर्वी दोषाचे स्थान निश्चित केले पाहिजे.

त्यासाठी प्रथम तोच चित्रपट व्हीपीएनवाचून, घरातच चालवून पाहावा. तेथेही तो अडखळत असेल, तर दोष सर्व्हरचा किंवा फायलीचा. व्हीपीएन निर्दोष होय. घरात तो नीट चालत असेल, तर पुढे दोन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार, चित्रपट सुरू होऊन वारंवार थांबण्याचा. येथे कारण बहुधा घरून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा हे असते. फायलीस सेकंदाला २० मेगाबिट लागत असतील आणि घरची जोडणी १०च मेगाबिट बाहेर पाठवीत असेल, तर चित्राचा दर्जा उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. जेलिफिन ह्या सर्व्हरमध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी अशी मर्यादा घालता येते. तथापि घरगुती जाळ्यांची यादी कोरी ठेवल्यास तो सर्व खाजगी पत्ते घरचेच मानतो. व्हीपीएनचा पत्ता सामान्यतः खाजगीच असल्याने मर्यादा घालूनही ती लागू होत नाही. त्या यादीत केवळ घरच्या जाळ्याचा पत्ता लिहिला म्हणजे हा घोटाळा दूर होतो.

दुसरा प्रकार, चित्रपट मुळीच सुरू न होण्याचा. हा अधिक फसवा आहे. माहिती पॅकेटांत विभागून पाठविली जाते व प्रत्येक मार्गावर पॅकेटाच्या आकारास मर्यादा असते. तिला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर ती १५०० बाइट आहे. वायरगार्ड हे व्हीपीएन मूळ पॅकेटाभोवती दुसरे वेष्टन घालते. आयपीव्ही-६ मार्गावर ह्या वेष्टनाचे पत्त्यासाठी ४०, यूडीपीसाठी ८ व वायरगार्डसाठी ३२, असे एकूण ८० बाइट होतात. म्हणूनच वायरगार्डची नेहमीची मर्यादा १४२० ठेवलेली असते. परंतु अनेक ब्रॉडबँड जोडण्या पीपीपीओई पद्धतीच्या असतात. ती पद्धत आणखी ८ बाइट घेते व मर्यादा १४९२ वर येते. साहजिकच १५०० बाइटांचे भरलेले पॅकेट तेथून पुढे जाऊ शकत नाही. आयपीव्ही-६ मध्ये वाटेवरील राउटर पॅकेटाचे तुकडे करीत नाही. ते टाकून देऊन ‘पॅकेट मोठे आहे’ असा निरोप उलट धाडतो. हा निरोप एखाद्या फायरवॉलने अडविला, तर पाठविणाऱ्यास काहीच कळत नाही. लहान पॅकेटे सुखरूप पोचतात, मोठी निमूटपणे नाहीशी होतात. संबंध जुळूनही चित्रपट न चालण्याचे मर्म हेच होय.

ह्याची परीक्षा सोपी आहे. तुकडे न करण्याच्या अटीसह पिंग आज्ञा बोगद्यातून पाठवावी. १३९२ बाइटांचा मजकूर व २८ बाइटांची शीर्षे मिळून १४२० बाइट होतात. उत्तर न आल्यास आकार क्रमाक्रमाने घटवावा. लहान आकारास उत्तर येते व मोठ्यास येत नाही, असे दिसल्यास निदान पक्के झाले. मग दोन्ही टोकांस एमटीयू कमी करावा. वरील उदाहरणात १४१२ पुरेसा आहे; नेमका आकडा न सापडल्यास १२८० ठेवून पाहावा. त्याने वेग किंचित घटतो, परंतु बहुतेक मार्गांवर काम भागते.

सारांश, चित्रपट थांबत थांबत चालणे हा प्रवाहाच्या अपुरेपणाचा संकेत, तर मुळीच न चालणे हा बहुधा पॅकेटाच्या आकाराचा. हा भेद ध्यानी घेतला, तर एका आकड्याच्या दुरुस्तीने जे साधते त्यासाठी नव्या यंत्राचा खर्च करावा लागत नाही.