सुई डुलते, दोष कुणाचा?

व्हीओआर म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून विमान कोणत्या दिशेला आहे, हे सुईने दाखवणारी यंत्रणा. १९७० च्या दशकातल्या सेस्ना १७२ मध्ये ही सुई डुलू लागली, की मालकाला नवा रेडिओच आठवतो. महागडी घाई!

एकाच मॉडेलचे दोन रेडिओ असतील, तर मेकॅनिक आधी त्यांची अदलाबदल करतो. दोष रेडिओबरोबर गेला तर रेडिओ बिघडलेला. जागेवरच राहिला तर संशय दर्शक, वायरिंग किंवा अँटेनावर. शेपटीवरच्या अँटेनाच्या केबलचे जोड गंजले असतील तर सिग्नल वाटेतच क्षीण होतो. मग केंद्राजवळ सुई शहाणी, लांब गेलं की बेभरवशाची.

अमेरिकेत ढगांतून व्हीओआरच्या भरवशावर उडायचं, तर गेल्या ३० दिवसांत तपासणी झालेली हवी. जमिनीवर ४ अंशांचा फरक चालतो, हवेत ६ अंशांचा.