उत्सव राहिला, शेजार राहील काय?

ऑगस्टअखेरच्या रविवारी आणि सोमवारी पश्चिम लंडनमधील नॉटिंग हिल या भागात भरणारा कार्निव्हल युरोपातील सर्वांत मोठ्या रस्त्यावरील उत्सवांत गणला जातो. दोन दिवसांत तेथे दहा लाखांहून अधिक लोक लोटतात. वीस लाखांचा आकडाही वारंवार सांगितला जातो. पिसांचे मुकुट ल्यालेली सोंगे, स्टीलपॅन वाद्यांचे ताफे आणि नाक्यानाक्यावर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती यांची छायाचित्रे जगभरची वृत्तपत्रे छापतात आणि त्यांखाली ‘बहुसांस्कृतिक ब्रिटनचे प्रतीक’ अशी ओळ लिहून मोकळी होतात. प्रतीके सोयीची असतात; त्यांच्यामुळे इतिहास विचारण्याचे कष्ट वाचतात. हा उत्सव कसा वाढला हे पाहू लागले म्हणजे मात्र ध्यानात येते की, त्याचा जन्म भाड्याच्या खोल्यांवरून पेटलेल्या वैरात झाला, आणि आज त्याच्यापुढे उभा असलेला प्रश्नही मुळात घराचाच आहे.

खोली आणि वैर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामकरी हात हवे होते. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदराला लागली आणि कॅरिबियन बेटांतून येणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. काम मिळत होते. राहायला जागा मिळत नव्हती. ‘काळ्यांना खोली नाही’ अशी पाटी दारावर लावणे त्या वेळी गुन्हा नव्हता. घरांच्या बाबतीत हा भेदभाव बेकायदा ठरायला १९६८ चा वंशसंबंध कायदा यावा लागला. नॉटिंग हिलमधील जुनी, मोडकळीस आलेली घरे तेव्हा पीटर रॅकमनसारख्या मालकांच्या हाती होती. १९५७ च्या भाडेकायद्याने रिकाम्या होणाऱ्या जागांवरील भाडेनियंत्रण उठविले. जुन्या भाडेकरूला या ना त्या उपायाने बाहेर काढायचे आणि ज्याला इतरत्र दारे बंद आहेत त्याला तीच खोली चढ्या भाड्याने द्यायची, हा धंदा तेजीत आला. रॅकमनचे नाव इंग्रजी शब्दकोशात पिळवणुकीचा प्रतिशब्द होऊन बसले. गोऱ्या गरिबाला वाटले की, आपली खोली या काळ्या माणसाने बळकावली. मालक दोघांच्याही दृष्टीआड राहिला.

१९५८ च्या ऑगस्टअखेर या असंतोषाचा भडका उडाला. गोऱ्या तरुणांच्या टोळ्या कॅरिबियन लोकांच्या घरांवर चालून गेल्या आणि काही दिवस दंगल चालू राहिली. पुढल्या वर्षी, मे १९५९ मध्ये, केल्सो कॉक्रन हा अँटिग्वाहून आलेला सुतार याच भागात रस्त्यावर मारला गेला. त्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्याच्या अंत्ययात्रेला मात्र हजाराहून अधिक माणसे लोटली आणि त्यांत गोरेही होते.

दोन स्त्रियांचा उद्योग

या दोन घटनांच्या मध्ये, जानेवारी १९५९ मध्ये, सेंट पँक्रस नगरभवनात एक कॅरिबियन कार्निव्हल झाला. तो भरविणाऱ्या क्लॉडिया जोन्स यांचा जन्म त्रिनिदादचा. बालपणीच त्या अमेरिकेत गेल्या, कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात गेल्या आणि १९५५ मध्ये तेथून हद्दपार होऊन लंडनला आल्या. ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ या पत्राच्या त्या संपादिका होत्या. कडाक्याच्या थंडीमुळे हा सोहळा बंद सभागृहात करावा लागला. त्या प्रसंगी काढलेल्या स्मरणिकेच्या उत्पन्नातील काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांसाठी राखून ठेवला होता. काळ्या तरुणांसाठी आणि गोऱ्या तरुणांसाठीही. हल्ला झालेल्या समाजाने हल्ला करणाऱ्यांच्या दंडाला हातभार लावावा, ही गोष्ट आजही विचार करावयास लावते. डिसेंबर १९६४ मध्ये जोन्स निवर्तल्या. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी त्यांची समाधी आहे.

उत्सव रस्त्यावर आणला तो १९६६ मध्ये रोन लॅस्लेट यांनी. ‘लंडन फ्री स्कूल’ या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालविलेल्या उपक्रमातून त्यांनी मुलांसाठी एक जत्रा योजिली. त्या आळ्यांत आयरिश, युक्रेनियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, आफ्रिकी आणि कॅरिबियन कुटुंबे एकमेकांना लागून राहत होती. परंतु त्यांचा परिचय जिन्यापुरताच होता. तो वाढावा, एवढाच त्या जत्रेचा हेतू. त्रिनिदादचे वादक रसेल हेंडरसन आपल्या सोबत्यांसह गळ्यात स्टीलपॅन अडकवून वाजवू लागले आणि वाजवीत वाजवीत नेमलेली जागा सोडून पुढल्या रस्त्याला लागले. लोक मागोमाग निघाले. कार्निव्हलच्या मिरवणुकीचा आरंभ हा असा, कोणत्याही ठरावावाचून झाला.

या वाद्याला स्वतःचा इतिहास आहे. त्रिनिदादमध्ये गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या मिरवणुकींवरून १८८१ मध्ये चकमकी झडल्या. त्यानंतर १८८४ मध्ये वसाहतीच्या सरकारने ढोलांवर निर्बंध घातले. त्याच वर्षी उसाच्या मळ्यांवरील भारतीय मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीवर, म्हणजे तेथील ‘होसे’वर, गोळीबार होऊन अनेकजण मृत्युमुखी पडले. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला आणि पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांतून नवे वाद्यच घडविले. मिरवणुकीला धास्तावणारे सरकार आणि मिरवणूक न सोडणारे लोक, हे नाते लंडनला येण्यापूर्वीच जुने झालेले होते.

बंदोबस्ताची दृष्टी

१९७३ मध्ये लेस्ली पामर या त्रिनिदादच्या शिक्षकाने सूत्रे हाती घेतली आणि उत्सवाचे रूप पालटले. तोवर त्याच्यावर त्रिनिदादची छाप होती. पामर यांनी इतर बेटांनाही आवर्जून बोलाविले. ज्यांना स्टीलपॅनपेक्षा जमैकाचे रेगे संगीत जवळचे वाटे, त्या लंडनमध्ये जन्मलेल्या पोरांसाठी ध्वनिवर्धकांना रस्त्यावर जागा दिली. एकदोन वर्षांतच गर्दी लाखांवर गेली. उत्सव वाढतो तो नव्याने येणाऱ्याला त्याच्या आवडीसकट जागा दिली म्हणजे, हा धडा येथे घेण्याजोगा आहे.

गर्दी वाढली तसा बंदोबस्त वाढला. १९७६ मध्ये सुमारे ३,००० पोलीस उभे करण्यात आले. १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याचा आधार घेऊन निव्वळ संशयावरून काळ्या तरुणांना पकडण्याचा प्रकार तेव्हा सर्रास चालू होता. तो आधार १९८१ मध्ये रद्द झाला. साचलेला राग त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये उफाळला आणि शेकडो पोलीस व नागरिक जखमी झाले. तेव्हापासून ‘हा उत्सव बंद करा, नाहीतर एखाद्या मैदानात हलवा’ ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. कार्निव्हलमध्ये खून झाले आहेत, चेंगराचेंगरीची धास्ती खरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२५ मध्ये सुमारे ७,००० पोलीस तैनात होते आणि सुरक्षेच्या खर्चासाठी महापौर व दोन स्थानिक परिषदांना मिळून जवळपास दहा लाख पौंड द्यावे लागले. परंतु रस्ता सोडून मैदानात गेलेला कार्निव्हल हा तिकिटाचा जलसा होईल. ज्या रस्त्यावर एके काळी चालण्याचीच भीती होती, त्याच रस्त्यावर नाचत जाणे हा या उत्सवाचा अर्थ आहे.

खरा धोका

तथापि, या उत्सवाला सर्वांत मोठा धोका पोलिसांकडून नाही आणि गुंडांकडूनही नाही. तो घरांच्या किमतींकडून आहे. रॅकमनच्या काळात ज्या खोल्यांत एकेक कुटुंब कोंबले जाई, ती घरे आज लंडनमधील अतिमहाग घरांत मोडतात. कार्निव्हल घडविणाऱ्यांची मुले-नातवंडे दूरच्या उपनगरांतून दोन दिवसांपुरती येतात. उलट आजचे अनेक धनिक रहिवासी त्याच दिवसांत खिडक्यांना फळ्या ठोकून बाहेरगावी जातात. चाळींच्या जागी मनोरे उठताना पाहिलेल्या गिरगाव-लालबागच्या वाचकाला ही व्यथा उकलून सांगावी लागणार नाही. १४ जून २०१७ रोजी याच भागाच्या उत्तरेकडील ग्रेनफेल टॉवर या सार्वजनिक निवासाच्या इमारतीला आग लागून ७२ माणसे गेली. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये दुपारी तीन वाजता सारी वाद्ये थांबली आणि एक मिनिट स्तब्धता पाळली गेली. शेजार अजून सर्वस्वी नाहीसा झालेला नाही, याची ती खूण होती.

अनेक संस्कृतींचे सहजीवन हे वर्षातून दोन दिवस एकत्र नाचण्याने सिद्ध होत नाही. उरलेल्या ३६३ दिवसांत तीच माणसे एकाच आळीत राहू शकतात काय, एकाच शाळेत मुले घालू शकतात काय, यावर ते अवलंबून असते. कार्निव्हल वाचवायचा म्हणजे पोलिसांचा खर्च भागवायचा, एवढ्यावर सरकारे समाधान मानतील तर उत्सव टिकेल, गर्दीही टिकेल. पण १९६६ मध्ये ज्यांना एकमेकांची ओळख करून देण्यासाठी तो रस्त्यावर आला, ते शेजारी तेथे नसतील. म्हणूनच उत्सवाच्या अंदाजपत्रकात सामान्यांना परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा रकाना असावयास हवा.