लॅपटॉप आणि वैशाखातील उष्मा

वैशाख म्हणजे गावच्या कार्यालयांतील घाईचा काळ. खरिपाच्या पीककर्जासाठी शेतकऱ्यांना सातबाराचे उतारे हवे असतात, शाळांतून निकालपत्रके तयार होत असतात आणि ग्रामपंचायतींचे मागील वर्षाचे हिशेब पुरे करावयाचे असतात. नेमक्या याच दिवसांत विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. ज्या लॅपटॉपवर ही सर्व कामे अवलंबून असतात, तो मंदावतो. क्वचित मध्येच बंद पडतो. दाराशी आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परततो आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

वस्तुतः बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश दिलेली असते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत दुपारी ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. म्हणून यंत्राची निगा राखावयाची, तर त्याची उष्णता कोठून येते व कोठे जाते, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल.

उष्णतेचा प्रवास

लॅपटॉप जी वीज घेतो, तिचे अखेर जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. यातील मोठा वाटा प्रोसेसरचा असतो. त्याला लागून तांब्याची एक चपटी, बंद नळी बसविलेली असते. नळीतील हवा काढून टाकून तीत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. प्रोसेसरजवळ या पाण्याची वाफ होते. ती नळीच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन थंड होते आणि पाणी पुन्हा मूळ जागी परतते. त्या टोकावरील धातूच्या पातळ पात्यांमधून पंखा हवा सोडतो व उष्णता बाहेर जाते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हा पंखा हवा थंड करीत नाही. तो उष्णता केवळ बाहेर लोटतो. खोलीतील हवा ४२ अंशांवर असेल, तर यंत्राचा कोणताही भाग त्याहून थंड होणे शक्य नाही.

प्रोसेसर सावरतो, बॅटरी झिजते

प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचले, की तो आपली गती आपणच कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद होते. मंदावणे हा बिघाड नव्हे, तो बचाव आहे. मात्र बंद पडताना जतन न केलेले काम वाया जाते.

बॅटरीची गोष्ट निराळी आहे. फार तापल्यास तिचे चार्जिंग थांबते. परंतु तिच्यातील रासायनिक झीज चालूच राहते. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४० अंशांत वर्षभर राहिली, तर तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. तीच निम्म्याहून थोडी कमी भरलेली असेल, तर हे नुकसान बरेच कमी होते. वीज खंडित होणाऱ्या गावात या क्षमतेचे मोल वेगळे सांगावयास नको.

योजावयाचे उपाय

१. जड कामे, विशेषतः मोठ्या याद्या व छायाचित्रे पाठविणे, सकाळी उरकावीत. दुपारी यंत्र खोलीच्या सर्वांत थंड भागात, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावे.

२. लॅपटॉप गादीवर, मांडीवर किंवा दप्तराच्या रुमालावर ठेवू नये. पुष्कळ यंत्रांत हवा खालून आत जाते. टणक मेजावर ठेवून मागील कडेखाली लाकडाच्या दोन चिपा दिल्या, तरी चांगला फरक पडतो.

३. वाळ्याचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान निश्चित उतरवितो. मात्र त्याचे तुषार यंत्रावर येणार नाहीत इतके अंतर असावे व खिडकी उघडी ठेवावी.

४. पंखा व पात्यांच्या मध्ये धुळीचा थर बसला, की हवेची वाट बंद होते. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी, जाणकार कारागिराकडून सफाई करून घ्यावी. ओले फडके आत घालू नये.

५. नको असलेली कामे बंद करावीत, पडद्याचा उजेड कमी ठेवावा, वीजबचतीची सोय चालू करावी.

६. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. सुटीत यंत्र कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असावी.

७. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत यंत्र ठेवू नये. तेथील तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते.

बॅटरी फुगून यंत्राचा तळ किंवा कळफलक उचलला गेल्याचे दिसताच वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये. आगीचा धोका असतो. अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच ती सोपवावी.

यांपैकी बहुतेक उपायांस खर्च नाही. सवय मात्र लावून घ्यावी लागते. लॅपटॉप ही सार्वजनिक पैशांतून आलेली मालमत्ता आहे आणि तिच्यातील नोंदींवर गावाचे व्यवहार चालतात. दप्तराला वाळवी लागू नये म्हणून आपण जी दक्षता घेत आलो, तीच आता या यंत्राला उष्म्यापासून जपताना घेणे अगत्याचे आहे.