तबकड्यांचा संघ अडून बसतो तेव्हा

जमाखर्चाच्या वहीत तीन रकमा आणि खाली त्यांची बेरीज लिहिलेली आहे, असे समजा. शाई सांडून एक रक्कम पुसली गेली, तर उरलेल्या आकड्यांवरून ती काढता येते. दोन पुसल्या गेल्या, तर इलाज नाही. अनेक तबकड्या एकत्र जोडून माहिती सांभाळण्याच्या ‘रेड’ पद्धतीतील पाचव्या प्रकाराचे मर्म हेच आहे. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एका निबंधात ही पद्धत मांडली.

लिनक्समध्ये हे काम वेगळ्या यंत्राशिवाय होते आणि त्याची सूत्रे ‘एमडीॲडम’ या आज्ञेकडे असतात. एखाद्या संस्थेचे सारे दप्तर अशा संघावर असावे, रात्री वीज जावी आणि सकाळी संघ सुरूच होऊ नये, असे घडते. त्या वेळी माहिती पुष्कळदा शाबूत असते. ती नष्ट होते ती आपल्या घाईमुळे.

संघ अडतो कशाने? प्रत्येक तबकडीवर ‘सुपरब्लॉक’ नावाची नोंद असते. तीत संघाची ओळख, तबकडीचे स्थान आणि घटनांचा क्रमांक असतो. समजा, चार तबकड्यांपैकी दोहोंवर हा क्रमांक ४१०२, तिसरीवर ४०९८ आणि चौथीवर ३५०० आहे. याचा अर्थ, चौथी कधीच गळाली होती आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही; तिसरी वीज जाताना किंचित मागे राहिली. चालण्यास तीन हव्यात, जुळतात दोनच. म्हणून यंत्रणा थांबते.

तेव्हा प्रथम ‘एमडीस्टॅट’ ही फाइल वाचावी, तारा व वीजजोडण्या तपासाव्यात. मग ‘एक्झामिन’ पर्यायाने प्रत्येक सुपरब्लॉक वाचून क्रमांक कागदावर उतरून घ्यावेत. याने तबकडीवर काहीही लिहिले जात नाही. तबकडीच बिघडत असेल, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत काढावी. नंतर अर्धवट उभा राहिलेला संघ थांबवून पहिल्या तीन तबकड्याच ‘असेंबल’ आणि ‘फोर्स’ या पर्यायांनी जुळवाव्यात. जुनाट चौथी बाहेरच ठेवावी. संघ उभा राहिला की तो केवळ वाचण्यापुरता उघडून दप्तर अन्यत्र उतरवावे आणि मगच चौथीच्या जागी चांगली तबकडी घालावी.

‘क्रिएट’ या पर्यायाला मात्र हात लावू नये. तो जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो. तबकड्यांचा क्रम चुकला, तर फेरजुळणीत खरी माहितीही बिघडते.

आणखी एक गोष्ट. चुकून खोडलेली फाइल संघातील सर्व तबकड्यांवरून एकाच वेळी जाते. बेरीज पुसलेली रक्कम परत देईल, जळालेली वही देणार नाही. म्हणून दप्तराची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवलेली असावीच.