दीडशे डॉलरची नजर

४ नोव्हेंबर २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत किनेक्ट बाजारात आणला. हातात काही न धरता एक्सबॉक्सवर खेळता यावं, एवढ्यासाठीच तो बनवला होता. किंमत १५० डॉलर. आतलं तंत्र इस्राएलच्या प्राइमसेन्स कंपनीचं होतं आणि ते समोरच्या दृश्याचा खोलीसह नकाशा सेकंदाला ३० वेळा काढत असे. कारखान्यांसाठीचे त्रिमित कॅमेरे तेव्हा हजारो डॉलरना मिळत. न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूट कंपनीने किनेक्ट संगणकाला जोडून वापरता यावा म्हणून खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने नापसंती दाखवली, तसं बक्षीस वाढत ३,००० डॉलरवर गेलं. स्पेनच्या हेक्टर मार्टिनने ते आठवडाभरातच मिळवलं.

किनेक्टचा प्रोजेक्टर अवरक्त लेझरचे हजारो ठिपके समोर फेकतो आणि साडेसात सेंटिमीटर बाजूला बसवलेला कॅमेरा ते टिपतो. वस्तू जवळ की लांब, त्यानुसार ठिपके आडवे सरकलेले दिसतात. किती सरकले यावरून त्रिकोणमितीने अंतर निघतं. मर्यादाही याच भूमितीतून येते: अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते. खोशेलहाम आणि एल्बेरिंक या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत जवळून काही मिलिमीटर असलेली चूक पाच मीटरवर चार सेंटिमीटरपर्यंत गेली होती. बेअरिंगचा व्यास तपासायला हे यंत्र बिनकामाचं. पण पॅलेटवर खोकं आहे का, ते किती कललं आहे, रोबोटने हात कुठे न्यावा, हे सांगायला तेवढी अचूकता पुरते. माझ्या मते स्वस्त सेन्सरची खरी जागा इथेच आहे. त्याच्याकडून मायक्रोमीटरचं काम करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

अडचणी पुष्कळ. चकचकीत धातूवरून ठिपके भलतीकडे परावर्तित होतात आणि नकाशात भोकं पडतात. ऊन आत आलं की त्यातल्या अवरक्त प्रकाशात ठिपके बुडून जातात. दोन किनेक्ट एकाच जागेकडे रोखले तर एकाचे ठिपके दुसऱ्याच्या ठिपक्यांत मिसळतात. यावर मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी किनेक्टला एक छोटी कंप पावणारी मोटर चिकटवली. प्रोजेक्टर आणि कॅमेरा एकत्रच थरथरत असल्यामुळे स्वतःचे ठिपके त्याला स्पष्ट दिसतात, शेजाऱ्याचे मात्र पुसट होतात.

कारखानदाराने याहून जास्त धास्ती घ्यावी ती सेन्सरच्या आयुष्याची. कारखान्यातलं यंत्र दहा-पंधरा वर्षं चालवायचं असतं. खेळण्याचं आयुष्य बाजार ठरवतो. २०१३ मध्ये ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली. त्याच वर्षी आलेला दुसरा किनेक्ट प्रकाशाला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढत होता, म्हणजे तत्त्वच बदललं. २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबलं. २०१९ मध्ये आलेला अझूर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला. म्हणून ड्रायव्हरशी बोलणारा भाग बाकीच्या प्रोग्रामपासून वेगळा ठेवावा आणि सुटे सेन्सर आधीच घेऊन ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. सेन्सरने टिपलेल्या त्रिमित बिंदूंच्या ढगांवर काम करणारी, २०११ पासून खुली असलेली पॉइंट क्लाउड लायब्ररी सेन्सर बदलला तरी उपयोगी पडते. अझूर किनेक्टचं तंत्र आता ऑरबेक कंपनीच्या फेम्टो बोल्टमध्ये मिळतं आणि जुने प्रोग्राम त्यावर चालावेत म्हणून कंपनीने जोडणीचं सॉफ्टवेअरही दिलं आहे.