द्राक्षारस आणि पंगत

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची गोडी छाटणी उरकत आलेली असते. नवी फूट निघते आणि बागायतदार आभाळाकडे डोळे लावून बसतो. घड खुडायला येतात ते थेट जानेवारीनंतर. मार्च-एप्रिलात हंगाम सरत आला, की नाशिकच्या ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवार येतो. येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. त्र्यंबक नाक्यावरचं होली क्रॉस चर्च कॅथलिकांचं, शरणपूर रोडवरचं सेंट अँड्र्यूज प्रोटेस्टंटांचं. दोन्हीकडच्या पेल्यात द्राक्षांचंच पेय असतं. प्रार्थनेनंतर त्या पेयाचं काय होतं, यावर मात्र या दोन परंपरांचं पाचशे वर्षांत एकमत झालेलं नाही.

मराठी बायबलानं या पेयासाठी शब्द योजला तो द्राक्षारस. भाकर आणि द्राक्षारस ही जोडी मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेली असते. शब्द मोठा सोयीचा आहे. मुरवलेली वाइन त्यात बसते आणि नुसता पिळलेला रसही. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्रभर रण माजलं होतं. चर्चमधला वाद याहून जुना आणि जास्त खोल आहे.

कॅथलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, नीट पाहिलं तर फादरांच्या हाताच्या हालचालीच सगळं सांगतात. पेल्यात वाइन ओतली जाते, तिच्यात पाण्याचे एक-दोन थेंब पडतात. येशूचे शब्द उच्चारून पेला उंच धरला जातो, लोक गुडघ्यावर येतात. शेवटी पेल्यात उरलेला थेंबन् थेंब प्यायला जातो. मग पेला पाण्यानं विसळायचा, ते पाणीही प्यायचं आणि पेला आतून स्वच्छ कापडानं पुसायचा. वाइन वाइनच राहिली असती तर एवढी काळजी कशाला? कॅथलिक श्रद्धेप्रमाणे रंग, वास, चव तीच राहते, मूळ तत्त्व मात्र पालटतं. पेल्यात आता ख्रिस्ताचं रक्त असतं. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनं ही भाषा अधिकृत केली, १५५१ मध्ये ट्रेंटच्या सभेनं ती ठामपणे पुन्हा मांडली.

प्रोटेस्टंटांनी हे नाकारलं खरं, पण त्याच्या जागी काय मानायचं यावर त्यांचंही जमेना. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली समोरासमोर बसले. ‘हे माझं शरीर आहे’ या वाक्यातल्या ‘आहे’ला ल्यूथर चिकटून राहिला. ते शब्द त्यानं खडूनं टेबलावरच लिहून ठेवले होते. झ्विंग्लीच्या मते तिथं ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवतं’ एवढाच. पंधरा कलमांपैकी चौदांवर दोघं एक झाले, पंधराव्यातल्या याच मुद्द्यावर फाटले. पुढे कॅल्व्हिन या धर्मसुधारकानं मधली वाट काढली: ख्रिस्त खराच भेटतो, पण आत्म्याच्या मार्गानं. आपल्याकडे या विधीला कॅथलिक मिस्सा म्हणतात आणि प्रोटेस्टंट प्रभुभोजन, त्यातही हा फरक डोकावतो. एकीकडे भर बलिदानावर, दुसरीकडे जेवणावर.

आता पेल्यातल्या जिनसाकडे येऊ. कॅथलिक नियमाप्रमाणे वाइन द्राक्षांचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीच्या चळवळीनं अमेरिकेतली प्रोटेस्टंट चर्चेस भारली. १८६९ मध्ये न्यू जर्सीचे थॉमस वेल्च यांनी द्राक्षाचा रस तापवून, न आंबू देता टिकवून दाखवला, तोच मुळी प्रभुभोजनासाठी. ते मेथडिस्ट होते आणि पेशानं दंतवैद्य. भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आजही साधा रस किंवा बेदाणे भिजवून काढलेलं पाणी चालतं.

इथे नाशिककराला एक गोष्ट चटकन दिसते. पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षं पिकतात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात. येशूचं शेवटचं जेवण झालं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, म्हणजे वसंतात. त्या दिवसांत तिथे ताजा रस कुठून येणार? पेल्यात होती ती मुरलेली वाइनच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाशिकला मात्र पवित्र गुरुवारी बाजारात द्राक्षांची क्रेट उतरत असतात. जेरुसलेमला त्या ऋतूत जे मिळणं अवघड, ते इथे कोपऱ्यावर मिळतं.

मराठी मुलखात वाइनच्या अर्थाइतकाच अवघड प्रश्न होता पेल्याचा. आपल्याकडे उष्टं या एका शब्दात अख्खी समाजव्यवस्था मावते. १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांवरून वर्षभराहून अधिक काळ धुरळा उडाला. वेगळ्या कपातला चहा एवढा महाग, तर अनेक जातींच्या ओठांना लागलेला एकच पेला किती महाग असेल? नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं. तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं होती आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही. अशा वस्तीत पेल्याला ओठ लावणं ही धर्मशास्त्राची गोष्ट राहत नाही, ती जात टाकण्याची खूण होते. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि १९३६ मध्ये नाशिकलाच वारलेल्या, ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलं, की सोवळं-ओवळं सुटायला माणसाला किती वर्षं लागतात ते कळतं.

गंमत अशी, की कॅथलिकांपुढे हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. १४१५ च्या कॉन्स्टन्सच्या सभेनं सामान्य भाविकांना पेला बंद केला होता. भाकरीच्या एका तुकड्यातही ख्रिस्त पूर्ण असतो, ही त्यामागची धारणा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं पेला पुन्हा काही प्रसंगी खुला केला, तरी रोजच्या मिस्सात बहुधा तो फादरच पितात. सर्वांना पेला मिळालाच पाहिजे, हा हट्ट प्रोटेस्टंटांचा. पुढे जंतूंच्या भीतीपोटी अमेरिकेतल्या चर्चेसनी अंगठ्याएवढे छोटे ग्लास काढले. ते जिथे जिथे आले, तिथे उष्ट्याचा प्रश्नही आपसूक मिटला. एका पेल्याची गोष्ट मात्र त्यात विरघळली.

पंगती जुळवण्याचे प्रयत्न झाले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. १९२९ पासूनचा अँग्लिकन नाशिक धर्मप्रांतही त्यात गेला. पेला कसा समजायचा यावर एकेकाळी भांडलेली माणसं एका वेदीपाशी आली. कॅथलिकांचा स्वतंत्र नाशिक धर्मप्रांत १९८७ चा. या दोहोंमधलं दार अजून उघडलेलं नाही. अपवादाचे प्रसंग सोडले तर कॅथलिक नियम प्रोटेस्टंटाला आपल्या वेदीवर जेवू घालत नाही, आणि कॅथलिकालाही तिकडे जेवू देत नाही.

हे सगळ्यांत ठळक दिसतं ते लग्नात. नवरी कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. लग्नाबरोबर मिस्सा असली, तर तिच्याकडची माणसं बाकांवरून उठून रांगेत लागतात आणि त्याच्याकडची हात जोडून जागेवर बसून राहतात. तासाभरानं हॉलमध्ये तीच माणसं मांडीला मांडी लावून जेवतात, एकमेकांना आग्रह करकरून वाढतात. तिथे कोण कुणाच्या पंगतीला, हे कुणी विचारत नाही.