दात्याचा कॉर्निया मिळेपर्यंत…

■ धोका : मोहोळच्या शिवारात ऊस तोडताना, ज्वारी काढताना डोळ्याला पात लागते. जखमेत बुरशी वाढली की कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पांढरा पडतो, कधी फुटतोही.

■ आधार : डुकराच्या कॉर्नियातल्या पेशी काढून उरलेले कोलॅजेन या प्रथिनाचे जाळे खराब भागाच्या जागी बसवतात. चीनमध्ये त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

■ भारतात : डुकराच्या कातडीतल्या कोलॅजेनचे रोपण दिल्लीच्या 'एम्स'मध्ये आणि इराणमध्ये मिळून २० रुग्णांवर झाले. कॉर्निया शंकूसारखा झालेल्या या रुग्णांपैकी १४ अंध होते. दोन वर्षांनंतर एकही अंध नव्हता (अहवाल : २०२२).

■ मर्यादा : कॉर्नियाचा सर्वांत आतला थर बिघडला असल्यास अशा रोपणांचा उपयोग नाही.

■ तुम्ही काय कराल? : घरातल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर सहा तासांच्या आत तिचे नेत्रदान करा. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही.